आजीचा फोन, नातवाचं बोट : प्रकल्पाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२५

आसपासच्या शाळांच्या केंद्राकडे प्रकल्पाचा विषय लिहून दिला : पहिली ते चौथीच्या मुलांची ऑनलाइन सुरक्षितता. शाळा जिल्हा परिषदेची, गाव बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातलं. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. काही लहान लेकरं आईबापाबरोबर फडावर, म्हणजे ऊस तोडायच्या रानात गेली. बाकीची आजी-आजोबांजवळ राहिली आहेत, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत. हंगामी वसतिगृह नावाच्या योजनेमुळे दोन्ही वेळचं जेवण शाळेत होतं आणि झोपायला लेकरू आजीकडे जातं.

पूर्वी आईबापाची खबर टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या नाहीतर दुकानदाराच्या फोनवर यायची. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर यायला लागला आणि कित्येकांनी उचलीतल्या, म्हणजे मुकादमाने दिलेल्या आगाऊ पैशातून स्मार्टफोन घेतले. शाळा उघडल्या, फोन घरात राहिला. आता टोळी निघताना तो लेकरासाठी मागे ठेवला जातो.

या विषयावरचं जे साहित्य हाताशी आलं ते वाचून काढलं. जवळजवळ सगळीकडे पहिला नियम एकच आहे : शंका आली की घरातल्या मोठ्या माणसाला विचारा. आमच्या गावात घरातलं मोठं माणूस म्हणजे आजी, आणि फोनचं काही अडलं की आजीच नातवाला हाक मारते. तेव्हा हा नियम आमच्याकडे जसाच्या तसा चालणार नाही. काम इथूनच सुरू करायचं आहे.

७ नोव्हेंबर

तिसरी-चौथीशी बोलले. फोन कुणाचा, असं विचारण्यात अर्थ नव्हता. सगळ्यांचं उत्तर ‘आजीचा’ असंच आलं असतं. म्हणून विचारलं : फोनचं कुलूप कोण उघडतं? वाजला की कोण उचलतं? मेसेज कोण वाचतं? खात्यावर पैसे आले का ते कोण बघतं? बहुतेक हात प्रत्येक प्रश्नाला वर आले. “मी.”

कुलपाचं कारण एका मुलीने सांगितलं. “आजीचा अंगठा लागतच नाही मॅडम, म्हणून माझंच बोट ठेवलंय.” खुरपं-कोयता धरून म्हाताऱ्या माणसांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. रेशन दुकानातल्या यंत्रावर ही अडचण गावाने कधीपासून सोसली आहे. तीच आता फोनवर आली आणि तिथे त्यावर उपाय म्हणून नातवंडाचं बोट आलं. बँकेचा, रेशनचा, योजनांचा सगळा व्यवहार नऊ वर्षांच्या लेकराच्या हाताखालून जातो.

पहिलीतल्यांना वाचता येत नाही तरी फोन येतो. ती माइकचं चिन्ह दाबून बोलतात. ‘भुताची गोष्ट’ म्हणायचं आणि यूट्यूब जे काढून देईल ते बघत बसायचं. एक संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, कुणी निवडत नाही. रात्री भीती वाटते म्हणून दिवा चालू ठेवून झोपणारी दोघं-तिघं निघाली.

१४ नोव्हेंबर

बालदिन. पण आज गावात दुसरीच धावपळ आहे. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीची मुदत १८ तारखेला संपते आहे. बाईचा आधार क्रमांक, नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, आणि दोन्ही वेळा आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी. आई कोल्हापूरकडच्या फडावर, आधारला जोडलेलं सिम गावातल्या फोनमध्ये. म्हणून आईचा फोन येतो आणि लेकरू आकडे वाचून दाखवतं.

चौथीतला एक जण मधल्या सुट्टीत घरी पळत गेला आणि ओटीपी सांगून परत आला. मोठ्या जबाबदारीचं काम केल्याचा आनंद त्याच्या तोंडावर होता, आणि काम खरंच जबाबदारीचं होतं.

आता या मुलाला ‘ओटीपी कुणालाही सांगायचा नाही’ असं शिकवायचं कसं? तो आईला सांगतो आणि सांगायलाच हवा. जो नियम घरात रोज मोडावा लागतो त्याचा धाक राहत नाही. मग तो अनोळखी माणसासमोरही तितक्याच सहज मोडतो. याच दिवसांत योजनेच्या नावाने बनावट संकेतस्थळं निघाल्याच्या बातम्या येत आहेत. ‘योजनेच्या ऑफिसातून बोलतोय, आलेला नंबर सांग’ असं गोड आवाजात कुणी म्हटलं, तर हा मुलगा तितक्याच आनंदाने सांगेल.

संध्याकाळी सहकारी शिक्षकांशी बोलून वेगळा नियम बांधला. नंबर मागणारा फोन आला की आधी ठेवायचा. मग आईच्या नेहमीच्या नंबरवर आपण लावायचा. मागणारी आईच असेल तर ती पुन्हा सांगेल, नसेल तर प्रश्न मिटला. मुलांच्या तोंडी बसावं म्हणून दोनच वाक्यं केली : “ठेव फोन. लाव फोन.”

२० नोव्हेंबर

ई-केवायसीची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. गावाचा जीव भांड्यात पडला. आम्हालाही शिकवायला वेळ मिळाला.

परिपाठानंतर रोज एक फोन ‘वाजतो’. डस्टर हाच फोन. एक जण बोलणारा, एक जण उचलणारा. बोलणारा कधी बँकेचा साहेब होतो, कधी मुकादम, कधी ‘तुझ्या पप्पांचा अपघात झालाय, लवकर पैसे टाक’ म्हणणारा माणूस. हा शेवटचा प्रकार मुलांनी स्वतः आणला. फडावर अपघात होतात, ट्रॅक्टर उलटतात, ही भीती त्यांच्या मनात असतेच. फसवणाऱ्याला नेमकी तीच लागते. त्या वेळी वर्ग शांत झाला होता. उचलणाऱ्या मुलीने मात्र थरथरत्या आवाजात का होईना, “ठेवते” म्हटलं आणि डस्टर खाली ठेवून दुसऱ्या हाताने आईला ‘लावला’.

आवाज हुबेहूब आईसारखा काढता येतो, हे तंत्र आता कुणाच्याही हाती आलं आहे. म्हणून प्रत्येक घराने एक खुणेचा प्रश्न ठरवायचा, ज्याचं उत्तर फक्त घरच्यांना माहीत असेल. “आपल्या शेळीचं नाव काय?” हा प्रश्न तिसरीतल्या एका मुलाने काढला आणि सगळ्यांना पसंत पडला. ज्यांच्याकडे शेळी नाही त्यांनी आपापले शोधले.

मेसेज कसा वाचायचा यावर दोन तास घेतले. मुलं फक्त आकडे बघतात, आजूबाजूचा इंग्रजी मजकूर सोडून देतात. फळ्यावर मेसेज लिहून त्यात रुपयाची खूण शोधायला लावली. ओटीपीच्या मेसेजमध्ये रुपये दिसले तर तो केवायसीचा नव्हे, पैसे जाण्याचा. बँकेचा निरोप अक्षरांच्या नावाने येतो, दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही. आणि पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन पैसे द्यायला किंवा खात्यातली शिल्लक बघायला लागतो. हे शेवटचं वाक्य चौथीच्या मुलांनी आपापल्या घरी जाऊन सांगायचं आहे.

२६ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न झालं आणि लग्नसराई लागली. व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका येऊ लागल्या. तिसरीतली एक मुलगी सकाळी फोन घेऊनच शाळेत आली. नात्यातल्या नंबरवरून ‘लग्नपत्रिका’ नावाची फाइल आली होती. तिने दाबली तर फोनने वेगळंच काही विचारलं, म्हणून तिने हात आवरला.

फाइलच्या नावाच्या शेवटी ‘.एपीके’ (.apk) अशी इंग्रजी अक्षरं होती. म्हणजे पत्रिका नव्हेच, अ‍ॅप. ते बसलं की फोनमधले मेसेज, ओटीपीसकट, दुसऱ्याकडे जाऊ शकतात. ओळखीच्या नंबरवरून आलं यात नवल नाही. आधी त्यांचा फोन ताब्यात जातो, मग तोच पुढच्यांना पाठवतो. नातेवाइकांना साधा फोन लावून कळवलं.

वर्गासमोर तिचं मनापासून कौतुक केलं. एवढ्या लहान वयात ‘हे काहीतरी वेगळं आहे’ असं वाटून थांबता आलं, यापेक्षा जास्त आम्हाला काय शिकवायचं आहे? पत्रिका फोटो म्हणून येते किंवा पीडीएफ म्हणून येते, पत्रिकेला इन्स्टॉल करावं लागत नाही, हे सगळ्यांनी ऐकलं.

त्याच दुपारी शाळेत आलेल्या आज्यांच्या फोनमध्ये एक सेटिंग बदलून दिलं : व्हॉट्सअ‍ॅपला अनोळखी ठिकाणची अ‍ॅप बसवण्याची परवानगी बंद. हे बंद असलं की चुकून दाबलं तरी अ‍ॅप बसत नाही. नियम लेकराने लक्षात ठेवावा लागतो, सेटिंग एकदा केलं की झालं. ज्या घरात मोठं माणूस वाचू शकत नाही तिथे सेटिंगवर आधी वेळ घालवावा, असं माझं मत पक्कं होत चाललं आहे.

१ डिसेंबर

आज्यांची बैठक. बचत गटाच्या बैठकीला जोडून घेतली म्हणून गर्दी झाली. भाषण केलं नाही. प्रत्येकीचा फोन हातात घेऊन तिच्या नातवंडाकडून तिच्यासमोर सेटिंगं करून घेतली. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये फक्त ओळखीच्यांनाच घालता यावं, प्रोफाइलचा फोटो फक्त ओळखीच्यांना दिसावा, अनोळखी नंबरवरून आलेला व्हॉट्सअ‍ॅप कॉल वाजूच नये. यूट्यूबचं आपोआप पुढचा व्हिडिओ लावणं बंद. लहान लेकरं असलेल्या घरांत यूट्यूब किड्स टाकून त्यात मोठ्यांनी निवडलेलेच व्हिडिओ दिसतील अशी सोय केली. मराठी गोष्टींचे आणि गाण्यांचे व्हिडिओ आम्ही शिक्षकांनी आधी स्वतः बघून निवडले.

एक आजी म्हणाल्या, “मॅडम, आमाला काय कळतंय त्यातलं. लेकरू म्हणतंय तसं आम्ही करतो.” त्यांना म्हटलं, मावशी, तुम्हाला फोन कळायची गरज नाही. लेकरू रात्री तोंड चोरून फोन बघतंय, फोन वाजला की दचकतंय, जेवत नाही, हे तुम्हाला आमच्या आधी कळतं. ते कळलं की रागावू नका आणि दुसऱ्या दिवशी शाळेत या. त्यावर बाजूची म्हातारी म्हणाली, “एवढं तर आम्ही करूच की.” माझ्या दृष्टीने बैठकीतलं सगळ्यात मोलाचं बोलणं हेच.

५ डिसेंबर

चौथीतली मुलं फ्री फायर हा मोबाइलवरचा गेम खेळतात. मूळ गेमवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, मुलं त्याचंच ‘मॅक्स’ हे रूप खेळतात. त्यांना हवे असतात डायमंड, म्हणजे खेळातलं चलन. ‘फुकट डायमंड’ म्हणून जे दिसतं तिथे फोन नंबर आणि मग ओटीपी मागतात. हे मुलांना लगेच पटलं, कारण एकाच्या चुलतभावाचा खेळाचा आयडी असाच गेला आहे. आयडी जाणं त्यांना पैसे जाण्यापेक्षा मोठं दुःख वाटतं. मग आयडीवरूनच बोलले आणि मुलांनी कान टवकारले. प्ले स्टोअरवर खरेदीच्या आधी दर वेळी पासवर्ड मागितला जाईल असं करून दिलं.

खेळताना माइक चालू असतो. ‘कुठला रे तू? घरी कोण असतं?’ असं विचारणारे भेटतात. ‘घरी कोण असतं’ याचं खरं उत्तर आमच्या मुलांच्या बाबतीत ‘फक्त आजी’ असं आहे. हे उत्तर बाहेर जाता कामा नये. खेळातला माइक बंद ठेवायचा. बोलायचंच तर गावातल्या मित्रांशी, एका ओट्यावर बसून खेळताना. मुलांनी हे मानलं, कारण त्यांना तसंही शेजारी बसूनच खेळायला आवडतं.

११ डिसेंबर

केंद्राच्या शिक्षण परिषदेत प्रकल्प मांडला. काल, १० डिसेंबरला, ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवायला बंदी लागू झाली. साहजिकच चर्चा तिकडे गेली. आपल्याकडेही २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचा तो मूल धरला आहे आणि त्याची माहिती घ्यायला पालकांची खात्रीशीर संमती लागेल, मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवता येणार नाहीत, असं म्हटलं आहे. नियम गेल्याच महिन्यात जाहीर झाले, मुलांविषयीच्या तरतुदी लागू व्हायला अजून दीड वर्षाची मुदत आहे.

हे कायदे हवेतच. कंपन्यांवर बंधन आल्याशिवाय एकट्या शाळा किती पुऱ्या पडणार? पण व्हॉट्सअ‍ॅपला आजही किमान तेरा वर्षं वय लागतं आणि आमच्या दुसरीतल्या मुलांच्या हाती ते आहे, कारण खातं आजीचं आहे. कंपनीच्या लेखी तो फोन साठीच्या बाईंचा. वयाची कोणतीही अट आमच्या दारापर्यंत येऊन थांबते आणि संमतीचं बटणही मुलाचंच बोट दाबतं. परिषदेत हेच सांगितलं.

एका सहकाऱ्याने ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालातले आकडे वाचून दाखवले. ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यातल्या ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. समाजमाध्यमं वापरणाऱ्यांपैकी ब्लॉक किंवा तक्रार कशी करायची हे ६२ टक्क्यांना माहीत होतं. उरलेल्यांना ते कधी कळणार? आमची चौथी पाच वर्षांत त्या वयात पोचेल. ब्लॉकचं बटण आत्ता दाखवायला काहीच हरकत नाही.

१७ डिसेंबर

गुपितांचा तास. कोणती गुपितं ठेवायची आणि कोणती नाहीत. आईच्या वाढदिवसाला दिलेली भेट हे गुपित एक दिवस उघड होतं आणि सगळे हसतात. जे कधीच उघड करायचं नाही असं कुणी मोठं माणूस सांगतं, जे आठवलं की पोटात कसंतरी होतं, ते गुपित ठेवायचं नाही. ‘कुणाला सांगू नकोस’ हे शब्द फोनवर आले की ते लगेच सांगायचं.

कुणाला? प्रत्येकाने हाताच्या पाच बोटांवर पाच माणसं धरली. आई-बाबा फोनवर असले तरी मोजायचे. आजी, बाई-सर, अंगणवाडीच्या ताई, शेजारच्या काकू. आणि कुणीच नसलं तर १०९८, मुलांच्या मदतीचा नंबर. फुकट लागतो, रात्रीही लागतो. मुलांनी तो ‘दहा, नऊ, आठ’ असा उलटा मोजून पाठ केला. तेच त्यांचं खेळणं झालं आहे, ग्राउंडवर शर्यत सोडतानाही ‘दहा, नऊ, आठ’ म्हणतात.

१९ डिसेंबर

त्या तासाचा परिणाम आज दिसला. चौथीतली एक मुलगी शाळा सुटल्यावर थांबली. एका अनोळखी नंबरवरून आठवडाभर मेसेज येत होते. आधी गोड बोलणं, रिचार्ज करून देतो म्हणणं, मग “शाळेच्या ड्रेसमधला फोटो पाठव, आजीला सांगू नकोस.” तिने फोटो पाठवला नव्हता. सांगितलंही नव्हतं, कारण “आजी फोन काढून घेईल, मग आईशी कसं बोलू?”

हे वाक्य मी प्रकल्पाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. लेकरू गप्प बसतं ते त्या माणसाच्या भीतीने कमी आणि फोन जाईल या भीतीने जास्त. आमच्या मुलांच्या बाबतीत फोन जाणं म्हणजे आईचा आवाज जाणं. शिक्षा म्हणून फोन काढून घेणारं घर त्या अनोळखी माणसाचंच काम सोपं करतं.

तिला आधी सांगितलं की तिने बरोबर केलं आणि फोन तिच्याकडेच राहील. मेसेज पुसले नाहीत. त्यांचे स्क्रीनशॉट घेतले, मग नंबर ब्लॉक करून व्हॉट्सअ‍ॅपवर तक्रार केली. मुख्याध्यापक आणि मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीला त्याच दिवशी कळवलं. १०९८ वर फोन करून पुढच्या पावलांचा सल्ला घेतला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा. मुलावर लैंगिक अत्याचार झाला किंवा होण्याची शक्यता आहे असं कळलं तर ते पोलिसांना कळवणं कलम १९ प्रमाणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. गावाच्या अब्रूचा विचार करून ते शाळेतच मिटवायची मुभा कुणालाही नाही, शिक्षकालाही नाही. हे समितीच्या सगळ्या सभासदांना वाचून दाखवलं.

मुलीला आईशी बोलायला देण्याआधी दहा मिनिटं मी आईशी एकटीने बोलले. पहिलं वाक्य कोणतं बोलायचं तेवढंच सांगितलं. मग फोन मुलीकडे दिला. आई म्हणाली, “बरं केलंस माय, मॅडमला सांगितलंस.”

३ जानेवारी २०२६

सावित्रीबाईंची जयंती, बालिका दिन. कार्यक्रम झाला, मुलींनी छान भाषणं केली. आणि मग नेहमीप्रमाणे फोटोंचा प्रश्न आला. आपण मुलांना सांगतो, शाळेच्या ड्रेसमधला फोटो अनोळखी माणसाला देऊ नका. मग शाळेनेच नावासकट, गावासकट, बक्षीस घेतानाचा फोटो सगळ्यांना दिसेल असा टाकायचा का? मुलांचे रील करणारे शिक्षक प्रेमाने करतात, त्यातून शाळेला मदतही मिळते, हे मान्य. तरी मला ते योग्य वाटत नाही. त्या लेकराला कुणी विचारलेलं नसतं.

शिक्षकांच्या बैठकीत ठरलं : अहवालापुरते फोटो अहवालातच. बाहेर टाकायचे तर पाठमोरे किंवा दुरून, नाव न देता. पालकांच्या ग्रुपवर आधार कार्डाचे फोटो मागवायचे नाहीत. कागद प्रत्यक्ष बघायचा. पाठवणं अगदीच अटळ असेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार चालेल का ते आधी विचारायचं. ग्रुपवरचे जुने फोटो काढायला दोन शिक्षक बसले आहेत.

२७ जानेवारी

काल ग्रामसभेत सरपंचांनी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावचं उदाहरण दिलं. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद ठेवून मुलं अभ्यासाला बसतात. आपल्याकडेही करू, असं सगळ्यांचं मत पडलं. उपक्रम मला मनापासून आवडतो. मुलांवर एकट्यांवर बंधन न घालता सगळं गाव फोन खाली ठेवतं, यात त्याचं बळ आहे.

पण आमच्याकडे संध्याकाळी सात ही फडावरून येणाऱ्या फोनची वेळ. माणसं भल्या पहाटे तोडीला लागतात, दिवस मावळता कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर येतात, भाकरी थापता थापता लेकरांशी बोलतात. ती वेळ बंद केली तर लेकराचं काय? ग्रामसभेत हे सांगितल्यावर म्हाताऱ्यांनीच तोडगा काढला : भोंगा आठला. तोवर आईबापाशी बोलून घ्यायचं, आठनंतर फोन उंच फळीवर आणि लेकरू अभ्यासाला. फोन रात्री अंथरुणात न्यायचा नाही, हेही त्यात आलं. फेब्रुवारीपासून सुरू.

१० फेब्रुवारी

आज सुरक्षित इंटरनेट दिन. सहकारी शिक्षकाने पालकांच्या संमतीने अनोळखी नंबरवरून घरोघरी सरावाचे फोन केले होते, त्याचा आढावा घेतला. अर्ध्याहून जास्त मुलांनी ‘ठेवतो’ म्हणून ठेवला. एकाने फोन ठेवण्याआधी शेळीचं नाव विचारलं. काहींनी आकडे सांगून टाकले. त्यांतली बहुतेक अशी होती की त्या वेळी शेजारी आजी उभी राहून “सांग की रे, साहेब विचारतायत” म्हणत होती.

म्हणजे नियम लेकराला कळला आहे, घराने त्याला तो पाळू द्यायला हवा. मोठ्या माणसाचा शब्द मोडायचा नाही, असं आपण मुलांना जन्मापासून शिकवतो. साहेबी आवाजासमोर आजी नमते आणि आजीसमोर नातू. म्हणून आज आज्यांनाच डस्टर दिला. एक आजी साहेब झाल्या आणि इतक्या दमात बोलल्या की चौथीचा मुलगा क्षणभर गडबडला. मग म्हणाला, “ठेवतो. आईला लावतो.” सगळ्या आज्यांनी टाळ्या वाजवल्या. नातवाने ‘ठेवतो’ म्हटलं तर त्याला ठेवू द्यायचं, हे त्यांनी कबूल केलं.

१९३० हा सायबर फसवणूक कळवायचा नंबरही आज पाठ करून घेतला. पैसे गेले तर लाजत बसायचं नाही, लगेच लावायचा. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळवतात. जितक्या लवकर कळवू तितका तो मध्येच अडवला जाण्याची आशा जास्त. नंबर शाळेच्या भिंतीवर १०९८ शेजारी रंगवला.

२३ मार्च

पाडवा झाला. काही कारखान्यांचा पट्टा पडला, टोळ्या परतू लागल्या. पालकांची पहिली सभा आज झाली. मुलांनी डस्टरचा खेळ करून दाखवला. आयांनी त्यापुढे जे विचारलं त्यात सगळ्यात जास्त प्रश्न सिमचे होते.

इतक्या महिन्यांच्या कामातून एक गोष्ट स्पष्ट झाली आहे. लेकराच्या डोक्यावरचं निम्मं ओझं एका सिममुळे आहे. बँकेला आणि आधारला जोडलेलं सिम घरच्या फोनमध्ये राहतं, म्हणून ओटीपी घरी येतात, म्हणून यूपीआय घरच्या फोनवर चालतं, म्हणून पिन लेकराला माहीत असतो. ते सिम ज्याचं खातं त्याच्याबरोबर फडावर गेलं आणि घरी बोलण्यापुरतं दुसरं सिम राहिलं, तर ओटीपी वाचायचं कामच लेकराकडे उरत नाही. ज्या दोन-तीन घरांनी जानेवारीत एवढं केलं तिथे मुलं सुटली.

अडचणीही आहेत. दुसरं सिम म्हणजे दुसरं रिचार्ज. काही बायकांच्या बँक खात्याला नवऱ्याचा नंबर जोडलेला आहे, काहींच्या खात्याला गावातल्या भलत्याच कुणाचा. नंबर बदलायचं बँकेतलं आणि आधारचं काम टोळी निघायच्या धांदलीत होत नाही. पावसाळ्यात माणसं गावात असतात, तेव्हाच करायला हवं.

त्याप्रमाणे ठरलं ते असं. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या पालकसभेत घरनिहाय यादी करायची, कोणतं सिम कशाला जोडलंय याची. यादीत नंबर लिहायचे नाहीत, फक्त बदल हवा की नको एवढंच. आधार केंद्र चालवणारा गावातला तरुण यंत्र घेऊन शाळेत बसायला तयार आहे. बँकेच्या शाखेला मुख्याध्यापकांचं पत्र जाईल. दसऱ्याच्या आत, मुकादमाच्या गाड्या यायच्या आधी, सिमांची अदलाबदल पुरी करायची. आजीच्या फोनला बोटाऐवजी चित्र ओढून उघडायचं कुलूप लावून बघायचं आहे. तीन आज्यांना ते जमलं, बाकीच्यांचा सराव पुढच्या आठवड्यात.